प्रसरणाऱ्या विश्वात कणांची संख्या ऋण येतेय. कोडमध्ये चूक की समजुतीत?

कृष्णाकाठ_सांगली

एम.एस्सी. भाग दोनचा प्रकल्प आहे, विषय वक्र अवकाशकाळातलं क्वांटम क्षेत्र. त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण घेतलंय: एक मिती अवकाशाची, एक काळाची, वस्तुमान असलेलं अदिश क्षेत्र, आणि आधी स्थिर, मध्ये फुगणारं, नंतर परत स्थिर होणारं विश्व. बर्नार्ड आणि डंकन यांनी १९७७ मध्ये सोडवलेलं तेच.

अनुरूप प्रमाण-गुणक (नेहमीच्या प्रमाण-गुणकाचा वर्ग): सी = ए + बी × टॅनएच(रो × ईटा), ईटा म्हणजे अनुरूप काळ, रो म्हणजे प्रसरण किती झपाट्याने होतं ते
मोडचं (क्षेत्रातल्या एका लहरीचं) समीकरण: एफ″ + ओमेगा^२ × एफ = ०
ओमेगा^२ = के^२ + एम^२ × सी (ओमेगा मोडची वारंवारता, के तरंग-क्रमांक, एम वस्तुमान)

आकडे सोपे पडावेत म्हणून ए = २.५, बी = १.५, एम = १, के = ० घेतलं. म्हणजे सुरुवातीला ओमेगा १ आणि शेवटी २. रो = १.

ईटा = −१० ला शुद्ध धन-वारंवारतेचा मोड लावतो, म्हणजे एफ = १/√(२ ओमेगा) आणि एफ′ = −आय × ओमेगा × एफ. तिथून स्वतः लिहिलेल्या चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टाने (समीकरण पायरीपायरीने सोडवायची पद्धत) ईटा = +१० पर्यंत जातो, स्टेप ०.२५. कणसंख्या अशी काढतो:

एन = (|एफ′|^२ + ओमेगा^२ |एफ|^२) / (२ ओमेगा) − १/२

अडचणी तीन.

एक, रो = १ ला एन −०.००२४ च्या आसपास येतं. ऋण कण म्हणजे काय? शिवाय ईटा +१० च्या पुढे नेलं की आकडा अजून खाली सरकत जातो, विश्व तर तिथे स्थिर आहे. स्टेप अर्धी केली की ०.००१५ ते ०.००१६ येतं.

दोन, रो = ०.२ ला बर्नार्ड-डंकनचं सूत्र म्हणतं २.३ × १०^(−१४), माझा कोड म्हणतो १०^(−४) च्या घरात. स्टेप कितीही बारीक केली तरी हलत नाही.

तीन, मधल्या काळात एन वर जातं, डोलतं, परत खाली येतं. तयार झालेले कण परत गायब होतात का? तोंडी परीक्षेत हे नक्की विचारणार.

यवतेश्वर

आधी बरोबर उत्तर समोर ठेवा, म्हणजे कोडला कशाशी ताडायचं ते कळेल. ओमेगा-उणे म्हणजे दोन्ही टोकांच्या वारंवारतांच्या फरकाचा निम्मा, तुमच्याकडे ०.५. बीटा म्हणजे शेवटी मोडमध्ये मिसळलेल्या ऋण वारंवारतेचा गुणांक, अल्फा धन वारंवारतेचा; |बीटा|^२ हीच कणसंख्या. मग

|बीटा|^२ = साइनएच^२(पाय × ओमेगा-उणे / रो) / [साइनएच(पाय × ओमेगा-आधी / रो) × साइनएच(पाय × ओमेगा-नंतर / रो)]

रो = १ ला: ५.२९६ भागिले (११.५४९ × २६७.७४५) = ०.००१७१३.
रो = ०.५ ला: ३.४७ × १०^(−६).
रो = १० ला: ०.११६२.
रो अनंताकडे नेलं तर फरकाचा वर्ग भागिले चार गुणिले दोन्ही वारंवारता, म्हणजे १/८ = ०.१२५. विश्व एका झटक्यात फुगलं तर यापुढे आकडा जात नाही.

आता ऋण संख्येचं. तुमच्या सूत्रातला तो "−१/२" बघा. |अल्फा|^२ − |बीटा|^२ = १ हे तंतोतंत खरं असेल तरच तो १/२ तिथे शोभतो. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा हे पाळत नाही. स्थिर वारंवारतेत ती प्रत्येक स्टेपला |एफ|^२ ला साधारण १ − य^६/७२ ने गुणते, इथे य = ओमेगा × स्टेप. शेवटच्या भागात य = ०.५, म्हणजे स्टेपमागे जवळपास ०.०००२१ ची गळती. तिथे ४० स्टेप, झाले ०.००८४. सुरुवातीच्या भागात य = ०.२५ असल्यामुळे गळती नगण्य, आणि मधल्या संक्रमणात थोडी कमी. एकूण ०.००८३ धरा. याचा निम्मा ०.००४१, खऱ्या ०.००१७ मधून वजा करा. −०.००२४ आलं की नाही?

म्हणजे तुम्ही मोजताय ते कण नव्हेत, पद्धतीची गळती आहे. ईटा पुढे नेल्यावर आकडा घसरत राहतो तो याचमुळे. गळती एकूण स्टेपच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणून स्टेप अर्धी केल्यावर ती ३२ पट कमी झाली आणि उत्तर सुधारल्यासारखं दिसलं.

स्टेप बारीक करण्याआधी सूत्र बदला. बीटा थेट काढा:

|बीटा|^२ = |एफ′ + आय × ओमेगा × एफ|^२ / (२ ओमेगा)
|अल्फा|^२ = |एफ′ − आय × ओमेगा × एफ|^२ / (२ ओमेगा)

हे सूत्र ऋण येऊच शकत नाही. स्थिर भागात रुंगे-कुट्टाचा एक स्टेप म्हणजे मूळ समीकरणाच्याच मॅट्रिक्सची बहुपदी. तिचे आयगेन-व्हेक्टर तेच राहतात. म्हणून अल्फा आणि बीटा दोन्ही सारख्या प्रमाणात गळतात, एकमेकांत मिसळत नाहीत. तुमची स्टेप ०.२५ चीच फाईल उघडा, नवं सूत्र लावा, ०.००१७ च्या जवळच येईल.

पडताळा हवा असेल तर एम = ०, के = २ करून बघा. वस्तुमान नसलेलं क्षेत्र या दोन मितींत प्रसरणाची दखलच घेत नाही, ओमेगा शेवटपर्यंत २ राहतो, एकही कण बनत नाही. जुनं सूत्र तरीही −०.००८ दाखवेल. नवं सूत्र गणकाच्या पूर्णांकनाइतकं शून्य देईल.

माहुली_संगम

एवढं करण्यापेक्षा रुंगे-कुट्टाऐवजी वेर्ले, म्हणजेच लीपफ्रॉग पद्धत वापरा की. लीपफ्रॉग सिम्प्लेक्टिक आहे, रॉन्स्कियन (एफ आणि एफ′ चं खऱ्या समीकरणात कधी न बदलणारं संयोजन) तंतोतंत टिकतो, |अल्फा|^२ − |बीटा|^२ पूर्णांकनापर्यंत १ राहतो. गळतीचा प्रश्नच मिटला.

यवतेश्वर

माहुली, रॉन्स्कियनबद्दल बरोबर, पण या कामाला वेर्ले लावला तर उलट फसगत होते.

लीपफ्रॉग जपतो ती ऊर्जा खरी नसते, थोडी बदललेली असते: एफ′^२ + ओमेगा^२ × (१ − य^२/४) × एफ^२. त्याच्या दृष्टीने "शुद्ध धन वारंवारता" म्हणजे एफ′ आणि एफ यांचं गुणोत्तर ओमेगा नव्हे, ओमेगा × √(१ − य^२/४). आपण मात्र खऱ्या ओमेगावर प्रक्षेप घेतो. या विसंगतीतून खोटा बीटा तयार होतो, आकार साधारण य^२/१६. य = ०.५ ला ०.०१५६. खरा बीटा ०.०४१४. दोघे कधी मिळतात, कधी एकमेकांना खातात, आणि एन ०.००१७ च्या भोवती जोरात डोलत राहतं. एम = ० ची परीक्षा लावा, शून्य येणार नाही.

नॉर्म, म्हणजे |अल्फा|^२ − |बीटा|^२, १ आला म्हणून उत्तर बरोबर, असं या विषयात कधी धरू नका. नॉर्म बिघडला तर काहीतरी नक्की चुकलंय, एवढंच त्यावरून कळतं.

माहुली_संगम

पटलं. एम = ०, के = २, स्टेप ०.२५ ला वेर्लेने एन शून्य ते ०.००१ च्या मध्ये हेलकावतंय. नॉर्म मात्र दहा-बारा दशांशापर्यंत १.

औदुंबर

दुसरा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. स्टेप बारीक करूनही आकडा हलत नाही, म्हणजे दोष स्टेपमध्ये नाही, टोकांत आहे.

रो = ०.२ आणि ईटा = −१० म्हणजे रो × ईटा = −२. टॅनएच(−२) = −०.९६४. विश्व अजून स्थिर झालेलंच नाही! सी १ च्या जागी १.०५४ आहे. तिथे ओमेगा = १ चा मोड लावलात तर सुरुवातीलाच खोटा बीटा घुसतो, आकार साधारण ०.०५४/४ = ०.०१३५, वर्ग १.८ × १०^(−४). तुमचा "१०^(−४) च्या घरात" तो हाच.

किती लांबून सुरू करायचं याचा हिशोब: टोकाशी सी मधला उरलेला फरक २ × बी × ई^(−२ × रो × |ईटा|), त्याचा चौथा हिस्सा म्हणजे खोटा बीटा. खरा बीटा १.५ × १०^(−७). रो × |ईटा| = १० घेतलं तर खोटा १.५ × १०^(−९), म्हणजे एक टक्का. १२ घ्या, निर्धास्त. रो = ०.२ ला ईटा −६० ते +६०. टोकं ईटामध्ये ठरवायची नाहीत, कायम रो × ईटा मध्ये ठरवायची.

मग येतो अचूकतेचा प्रश्न. पायथनमधल्या सायपायचं सॉल्व्ह-आयव्हीपी (अशी समीकरणं सोडवणारं फंक्शन) मुकाट्याने सापेक्ष टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) १०^(−३) आणि निरपेक्ष १०^(−६) धरतं. ज्याचा शोध घ्यायचा तो बीटाच १०^(−७) चा, मग त्याने तो पाहायचा कसा? पद्धत डीओपी८५३ (वरच्या क्रमाची रुंगे-कुट्टा), सापेक्ष १०^(−१२), निरपेक्ष १०^(−१४) द्या. सुरुवातीची मूल्यं कॉम्प्लेक्स प्रकारचीच द्या. जुनं "उणे अर्धा" सूत्र इथे पूर्णच बाद: १/२ मधून १/२ वजा करून १०^(−१४) शोधायचा म्हणजे सोळा अंकांतले चौदा आधीच गेले.

रो = ०.१ च्या नादी दुहेरी अचूकतेत (साधारण सोळा अंकांत) लागू नका. |बीटा|^२ ५ × १०^(−२८) होतो, बीटा २ × १०^(−१४). तिथे एमपीमॅथमध्ये (हवे तितके अंक ठेवणारी पायथन लायब्ररी) ४० अंक ठेवून चालवावं लागतं.

यवतेश्वर

तिसरा प्रश्न खरा भौतिकीचा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

कण "गायब" होत नाहीत. मध्ये ते कण आहेत असं म्हणायलाच आधार नाही. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर टाकलं आणि काटा हेलकावत असतानाच पावती फाडली, तर त्या आकड्याला काय अर्थ? काटा खोटा नाही, पोतंही खोटं नाही, वेळ चुकली.

संख्या सांगायला धन वारंवारतेचा मोड कुठला ते ठरवावं लागतं. ओमेगा स्थिर असेल तर निवड एकच, त्यात वाद नाही. ओमेगा बदलत असताना अनेक निवडी सारख्याच वाजवी असतात आणि प्रत्येकीची संख्या वेगळी येते. तुमच्या सूत्राने गृहीत धरलेली निवड म्हणजे त्या-त्या क्षणाचा ओमेगा, अडियाबॅटिक मालिकेतला (ओमेगा हळू बदलतो असं धरून केलेल्या) शून्यावा क्रम. त्या निवडीत निव्वळ व्याख्येमुळे दिसणारा फुगवटा साधारण (ओमेगा′ / ४ ओमेगा^२)^२ एवढा असतो.

तुमच्या आकड्यांवर चढवू. ईटा = ० ला ओमेगा^२ = २.५, ओमेगा १.५८. रो = १ असेल तर ओमेगा′ ०.४७४, फुगवटा ०.००२२. शेवटच्या ०.००१७ च्याच तोडीचा, म्हणून तिथे फसायला होतं. रो = ०.२ घ्या: ओमेगा′ ०.०९५, फुगवटा ९ × १०^(−५), आणि शेवटी उरतात २.३ × १०^(−१४). चारशे कोटी पटीचा फरक. तो फुगवटा खरे कण असते तर जाताना गेले कुठे, याला उत्तरच नाही. हा एक आलेख लॉग स्केलवर काढून परीक्षकांपुढे ठेवा, दहा वाक्यांचं काम तो करेल.

पुढची पायरी करायची असेल तर ओमेगाच्या जागी डब्ल्यू घ्या:

डब्ल्यू^२ = ओमेगा^२ − ओमेगा″ / (२ ओमेगा) + ३ ओमेगा′^२ / (४ ओमेगा^२)

प्रक्षेप घेताना डब्ल्यू′ चं पद विसरू नका. संदर्भ-मोड १/√(२ डब्ल्यू) ने सुरू होतो, त्याच्या अवकलजात −डब्ल्यू′ / (२ डब्ल्यू) येतंच. ते गाळलं की सुधारणा वाया जाते आणि लोक म्हणतात "वरच्या क्रमाने काही फरक पडला नाही". फुगवटा बराच आटेल, पण क्रम वाढवत गेलात म्हणून तो शून्य होणार नाही. ही मालिका अभिसारी नाही. काही क्रमांपर्यंत आकडे सुधारतात, पुढे पुन्हा बिघडतात.

दोन्ही टोकांची निर्वात अवस्था वेगळी आणि त्यातून कण, हा विचार विश्वविज्ञानात नीट मांडला तो लेनर्ड पार्कर यांनी, १९६६ च्या हार्वर्डच्या प्रबंधात. धन आणि ऋण वारंवारता एकमेकांत मिसळतात हे मात्र श्रोडिंगर यांनी १९३९ मध्येच टिपलं होतं.

कृष्णाकाठ_सांगली

तिघांचे आभार. जुन्याच फाईलवर नवं सूत्र लावलं, ०.००१७ आलं. रो = ०.२ ला ईटा ±६० आणि डीओपी८५३ ने २.३ × १०^(−१४).

अजून एक. हळू प्रसरणात |बीटा|^२ ≈ ई^(−२ × पाय × ओमेगा-आधी / रो) असं दिसतंय. हा तर बोल्ट्झमनचा गुणक (ई^(−ऊर्जा / तापमान)) झाला. मग "तापमान रो / २पाय, हॉकिंगच्या कृष्णविवरासारखं" असं अहवालात लिहिलं तर चालेल ना?

औदुंबर

लिहू नका. अगदी मोहात पाडणारी जागा आहे ती, पण तीन ठिकाणी पकडले जाल.

घातांकात ओमेगा-आधी आहे. कण मोजले शेवटी, तिथे त्यांची ऊर्जा ओमेगा-नंतर. उष्णीय वाटप म्हणायचं तर घातांकात शेवटची ऊर्जा यायला हवी.

के मोठा घ्या. ओमेगा-उणे ≈ बी × एम^२ / (२ × के), त्यामुळे |बीटा|^२ ≈ (पाय × बी × एम^२ / (२ × के × रो))^२ / साइनएच^२(पाय × के / रो). पुढचा गुणक के सोबत घसरत जातो. प्लांकच्या (म्हणजे खऱ्या उष्णीय) वाटपात असलं काही नसतं. वस्तुमान शून्य केलं की सगळं उत्पादनच थांबतं; हॉकिंगचं उत्सर्जन वस्तुमानरहित क्षेत्रालाही होतं.

आणि अवस्था शुद्ध आहे. कण के आणि −के अशा जोडीने येतात. जोडीतला एक सोडून दिला तर उरलेल्या एका मोडपुरतं वाटप भौमितिक, उष्णीय दिसतं, पण ते प्रत्येक मोडला वेगळ्या "तापमानाचं". कृष्णविवरात जोडीदार क्षितिजापलीकडे जातो, बाहेरच्याला तो सोडून देण्यावाचून पर्यायच नसतो, आणि तापमान सगळ्या मोडना एकच येतं: सूर्याएवढ्या वस्तुमानाला ६ × १०^(−८) केल्विन. तुमच्या विश्वात क्षितिज नाही, दोन्ही जोडीदार समोरच आहेत.

"घातांकी दमन" असं लिहा. कोयनेचे दरवाजे फूट-फूट उचलले तर कऱ्हाडला नदीची पातळी चढते, लाट उठत नाही. त्याला तापमान लागत नाही.

माहुली_संगम

शेवटच्या आलेखासाठी एक सूचना. रो ०.००८८ च्या खाली गेलं की साइनएच(२ × पाय / रो) दुहेरी अचूकतेत मावत नाही, नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) इन्फिनिटी देतं आणि आलेखाचं डावं टोक कापलं जातं. सूत्र असं लिहा:

|बीटा|^२ = ई^(−२ पाय ओमेगा-आधी / रो) × (१ − ई^(−२ पाय ओमेगा-उणे / रो))^२ / [(१ − ई^(−२ पाय ओमेगा-आधी / रो)) × (१ − ई^(−२ पाय ओमेगा-नंतर / रो))]

कंसातल्या १ − ई^(…) ला एक्स्पएम१ (ई^क्ष − १ अचूक काढणारं फंक्शन) वापरा, म्हणजे मोठ्या रो ला अंक गळणार नाहीत. आणि अगदी लहान रो ला |बीटा|^२ न काढता त्याचा लॉगच काढा, कारण रो ०.००८ ला तो १०^(−३४१) होतो आणि आलेखात सरळ शून्य दिसतो.